मोजून रिकामी

चौथं काडतूस टॉवेलवर पडलं, मीत्रो “श्तिरि” म्हणाला, आणि लगेच, मधे श्वासही न घेता, “मोजून रिकामी” म्हणाला. मी सिंकपाशी उभी होते, पाठ त्याच्याकडे, हात पाण्यात. दुसऱ्या दिवसापासून फिलिपचा उपास लागणार, ख्रिसमसपर्यंत मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, म्हणून पिवळे वाटाणे धूत होते. खिडकीखालून बस चढावर कण्हत गेली. नदीपलीकडे पोलाद कारखान्याची धुरांडी आठ वर्षं थंड उभी होती तशीच उभी होती. माझे हात पाण्यात थांबले. जपाच्या माळेतली एक गाठ बोटाला न लागता पुढे सरकून जावी तसं काहीतरी कानाला चुकलं होतं, आणि काय चुकलं ते मनाला कळायच्या आधी पाठीला कळलं. रायफल भरताना मी पाच आवाज ऐकले होते. तिच्या कुशीत एक लहानसं पितळी झाकण आहे, त्यातून काडतूस आत ढकललं की ‘टक्’ होतं. पाच वेळा टक् झालं होतं. दर वर्षी फिलिपच्या दिवशी मीत्रो तिला कपाटातून काढतो, तेल देतो, भरतो, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरून पुन्हा रिकामी करतो, मोठ्यानं मोजत, आमचे आजोबा समुद्रापलीकडच्या डोंगरांतून घेऊन आले त्या जुन्या बोलीत: येदेन, द्वा, त्रि, श्तिरि, प्यात. मोजून रिकामी. एकेचाळीस वर्षं मी हे पाठमोरी ऐकत आले. या रायफलीला चापाखाली एक लोखंडी कडं असतं, लिव्हर; ते खाली ओढलं की नळीतलं काडतूस बाहेर उडी मारतं आणि वर घेतलं की पुढचं आत जाऊन बसतं. म्हणजे चौथं टॉवेलवर पडलं तेव्हा पाचवं आत बसलेलं होतं, घोडा ताणलेला होता. मी वळले तेव्हा मीत्रो अंगठ्यानं घोडा अलगद खाली सोडत होता, तान्ह्या मुलाची पापणी मिटावी तसा, आणि त्याचा चेहरा शांत होता. त्यानं रायफल फडताळाच्या दाराला टेकून उभी केली. “दाढी करून येतो,” म्हणाला. “सहाची प्रार्थना आहे ना?”

मी हो म्हटलं. बाथरूमचा नळ सुरू झाल्यावर मी हात पुसले, रायफल उचलली, नळी जमिनीकडे धरली आणि लिव्हर ओढली. पाचवं काडतूस बाहेर पडलं आणि घरंगळत शेगडीखाली गेलं. मी गुडघ्यांवर बसले, मग कपाळ जवळजवळ फरशीला लावलं, उपासात आम्ही देवापुढे घालतो तसा तो साष्टांग झाला, आणि झाडूच्या दांड्यानं ते बाहेर काढलं. ऊबदार होतं. शेगडीमुळे असेल. एप्रनच्या खिशात टाकलं आणि वाटाण्यांकडे परत गेले. मीत्रो आला, गालाला साबणाचा वास, आणि टॉवेलवरची चार काडतुसं खोक्यात एकेक करून उभी लावायला लागला. वीस खाचांचं खोकं. एक खाच रिकामी राहिली. तो त्या खाचेकडे बराच वेळ बघत होता, मी त्याच्याकडे. “बघ,” म्हणाला, “आजकाल खोक्यातसुद्धा एक कमी घालतात. लाज नाही राहिली लोकांना.” आणि हसला. मीही हसले. उपासाच्या आदल्या संध्याकाळी, कोटाच्या खिशात ते काडतूस घेऊन, मी त्याच्याबरोबर देवळात गेले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत उभी राहिले.

ती रायफल तशी माझी आहे. असं मी कधी बोलून दाखवलं नाही. माझे वडील पेत्रो ग्वोझ्डिक कोळशाच्या खाणीत होते, आम्ही तीन मुली, मुलगा नाही, आणि मी मधली. थोरलीला रक्त बघवत नसे, धाकटीला थंडी सोसत नसे, म्हणून राहता राहिले मी. सोळाव्या वर्षापासून मी त्यांच्याबरोबर डोंगरात जायची. त्यांच्या हाताची पकड जिथे पडे तिथे, मधोमध, पोलादाचा निळा रंग उडून चांदीसारखा झाला होता. तिला एका हातानं तिथेच धरायचं, बरोबर तोल साधतो, पाण्याची कळशी कमरेवर बसावी तशी ती हाताच्या मुठीत बसते. दस्त्याला एक चीर होती, ती त्यांनी पितळी खिळ्यानं शिवली होती. तेलाचा, ओल्या लोकरीचा आणि थोडासा तंबाखूचा वास. मोजायला मी शाळेत शिकले नाही, वडिलांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकले. शाळेत इंग्रजी आकडे आले ते नंतर, आणि आजही मी पायऱ्या, टाके, साष्टांग दंडवत आमच्याच बोलीत मोजते. एकोणीस वर्षांची असताना मी हरणाचा एक नर पाडला. वडील काही बोलले नाहीत, फक्त लिव्हर ओढून मोजायला लावलं, चार, आणि म्हणाले, “एक देवानं नेलं, चार आपली. आता म्हण.” मी म्हटलं मोजून रिकामी. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि रायफल माझ्याबरोबर मीत्रोच्या घरी आली. लग्नात वडील त्याला म्हणाले होते, “मुलगी परत आणलीस तर घेईन बाबा, पण ही परत आणू नकोस.” सगळे हसले. मीत्रोच्या शिकारी कॅम्पवर बायका जात नसत. मला कुणी येऊ नको म्हटलं नाही, मीही येते म्हटलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी तो तिला घेऊन उत्तरेला जायचा आणि मी चहा घेऊन दारात उभी राहायची, आणि गाडी वळल्यावर माझ्या उजव्या मुठीत थोडा वेळ काहीतरी नसल्यासारखं वाटायचं. हे पाप आहे की नाही हे मी कधी कन्फेशनमध्ये विचारलं नाही. विचारण्याइतकं मोठं वाटलं नाही.

कॅम्पचा एक नियम आहे आणि तो मीत्रोच्याच वडिलांनी घातलेला. संध्याकाळी असो, दुपारी असो, ओसरीवरून आत पाऊल टाकायच्या आधी प्रत्येकानं आपली रायफल सगळ्यांसमोर मोजून रिकामी करायची, मोठ्यानं, जुन्या बोलीत, म्हणजे पोरांनाही ती यावी; आणि बाकीच्यांनी गप्प राहून ऐकायचं. ज्याची मोजणी तुटली त्याची रायफल शेगडीवरच्या खुंटीवर जाते. ती पुन्हा उतरत नाही. तो माणूस कॅम्पला येऊ शकतो, पत्ते खेळू शकतो, कांदा चिरू शकतो. मीत्रोचे बाप्तिस्म्याचे धर्मपिता हाव्रिलो, ज्यांना सगळे आजोबा म्हणत, ऐंशीचे होते, सात वर्षांपूर्वी दोनवर अडकले. द्वा, द्वा, द्वा, असं म्हणत राहिले. शेवटी मीत्रोनं पुढे होऊन त्यांच्या हातातून रायफल घेतली. “कुणीतरी घ्यायलाच हवी होती, हान्या,” असं त्यानं मला घरी आल्यावर सांगितलं, बूट न काढता, खुर्चीच्या काठावर बसून. “आजोबा रागावतील असं वाटलं. रागावले नाहीत. ‘थँक्यू’ म्हणाले. इंग्रजीत.” त्या हिवाळ्यात हाव्रिलो देवळात येत, रांगेत माझ्यापुढे बसत, आणि त्यांचे हात मांडीवर असे उताणे पडलेले असत, जणू कुणीतरी काहीतरी आणून ठेवील म्हणून. ईस्टरच्या आधी गेले. डॉक्टर हृदय म्हणाले. मीत्रो त्यांच्या शवपेटीला खांदा देऊन आला आणि तीन रात्री खुर्चीवरच बसून राहिला. म्हणून त्या संध्याकाळी देवळात, खिशात काडतूस, मी काय मागितलं ते मला स्वच्छ आठवतं. मी त्याची बुद्धी परत मागितली नाही. मागायला हवी होती. मी एवढंच मागितलं की ओसरीवर त्याची मोजणी तुटू नये.

पुढचे दहा-बारा दिवस मी शब्द पेरत राहिले. काडतूस दुसऱ्याच दिवशी खोक्यातल्या रिकाम्या खाचेत ठेवून दिलं. त्यानं ते पाहिलं असेल किंवा नसेल. सकाळी टेबलावर पाच चमचे मांडायचे आणि म्हणायचं, मीत्रो, जरा मोज रे, कमी तर नाहीत. तो म्हणायचा, “दोघांना पाच चमचे कशाला? कोणी येणार आहे का?” देवळातल्या आशीर्वादाच्या पाच पावांची गोष्ट काढायची, किती पाव होते बरं, बायबलातल्या त्या पाच हजार माणसांना. “पुरले ना? मग झालं.” तो वळसा घालून जायचा, रस्त्यातलं खड्ड्याचं पाणी टाळून जातात तसा, आणि इतका सहज की ते पाणी त्याला दिसतं आहे हे मला कळायचं. कारखान्यातला त्याचा हजेरीचा सात आकडी नंबर त्याला पाठ होता. मेलेल्या चारही कुत्र्यांची नावं, माझ्या आईच्या हनुवटीवरचा तीळ, कोणत्या साली पूर कुठवर आला. फक्त तो एक शब्द निघून गेला होता, दात पडतो तसा, आणि जीभ त्या जागी जायचं टाळत होती. इंग्रजीत पाच म्हणायचा, दुकानात. जुन्या बोलीत नाही. आणि ओसरीवर इंग्रजी चालत नाही. रात्रीच्या जपाला बसले की शंभर गाठींवर शंभर वेळा दया कर म्हणताना प्रत्येक पाचव्या गाठीशी मी अडायची. मला वाटायचं, मी त्याला सांगावं. मीत्रो, तू चारवर थांबलास. पाच शब्दांचंही वाक्य नाही. पण लग्नापासून मी त्याची चूक त्याला तोंडावर दाखवली नव्हती. तो काही नेम म्हणून घेतला नव्हता, पण तोही इतर नेमांसारखा रोजचा होऊन गेला होता, आणि रोजचा झालेला नेम मोडायला माणसाला कारण पुरत नाही, जोर लागतो.

मग फेत्सकोचं कंबरेचं ऑपरेशन झालं. फेत्सको कॅम्पचा स्वयंपाकी. मी पुतण्याला, आंद्रीला, फोन केला आणि म्हटलं की मी येते स्वयंपाकाला. “हान्या काकू, तिथे बाथरूम बाहेर आहे,” तो म्हणाला. मी म्हटलं, माझ्या लहानपणी घराचंही बाहेरच होतं. मीत्रोला हे सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मला वाटलं आता विचारेल, का. त्यानं विचारलं, “उपासात तू आम्हाला कलेजी तळून देणार?” देईन, म्हटलं, चव घेणार नाही, मीठ कमीजास्त झालं तर सोसा.

कॅम्पवर तिघेच होते, आंद्री, मीत्रो आणि युर्को, जो ट्रक चालवतो आणि ज्याचं पोट त्याच्या आधी खोलीत येतं. युर्को माझी पिशवी उचलून म्हणाला, “काकू आल्या म्हणजे शिव्या बंद का आता?” “दे की,” मी म्हटलं, “मला कमी ऐकू येतं असं मी ठरवलंय.” “आणि पत्ते?” “पत्त्यांतली लबाडी मात्र दिसते मला.” तो हसला, आंद्री हसला, आणि मीत्रो इतका अभिमानानं हसला की मला त्याच्याकडे बघवेना. शेगडीवरच्या खुंटीवर हाव्रिलोंची रायफल होती, तिच्यावर धूळ, कोळ्याची एक तार. बाजूची खुंटी रिकामी. सोमवारी पहाटे, हंगामाच्या पहिल्या दिवशी, मी शेंदरी जॅकेट चढवलं आणि म्हटलं, मी मीत्रोबरोबर जाऊन बसते, भाकरीचं पीठ दुपारी मळीन. युर्को काहीतरी बोलणार होता. आंद्रीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो बूट बांधायला वाकला. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की आंद्रीलाही ठाऊक आहे.

मीत्रोची जागा डोंगराच्या सोंडेवर आहे, पडलेल्या बीच झाडाच्या खोडाशी, समोर हेमलॉकच्या सूचिपर्णी झाडांची गर्दी आणि मधे एक उघडा पट्टा. बर्फ कोरडं होतं, पायाखाली साखरेसारखं वाजत होतं. त्यानं अंधुक उजेडात रायफल भरली. टक्, टक्, टक्, टक्, टक्. हात चुकत नव्हते. बोटांना पाच ठाऊक होते, जिभेलाच नव्हते. आम्ही खोडाला पाठ टेकून बसलो, खांद्याला खांदा, एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा असे. रायफल त्याच्या मांडीवर आणि तिची नळी माझ्यापासून दूर. चांदीसारख्या झालेल्या जागेवर त्याचा हातमोज्याबाहेरचा हात. मी खिशात माळ धरली आणि जप सुरू केला, सवयीनं, काही न मागता. उजेड वर आला. एक मादी गेली, मागे दोन पिल्लं, बर्फात नाकं घालत. मीत्रोनं मान हलवली; माद्या मारायला अजून दोन आठवडे परवानगी नाही. सूर्य हेमलॉकच्या शेंड्यावर आला. लांब कुठेतरी एक बार झाला, मग शांतता. आणि त्या शांततेत, जप चालूच असताना, मी मनात हिशेब करते आहे असं मला आढळलं. पाच भरली आहेत. एक उडालं तर राहतील चार. चार त्याला येतात. चारवर तो थांबेल आणि चारवरच थांबायचं असेल. मोजून रिकामी म्हणेल, आणि ते खरं असेल. माझ्या बोटांतली गाठ गरम झाल्यासारखी वाटली. मी जपाचे शब्द तेच ठेवले, दया कर, दया कर, पण आता त्यांच्या तळाशी एक जनावर होतं. मी त्याला बोलावत होते. उपासाच्या पंधराव्या दिवशी, जिभेवर दुधाचा थेंब नाही, मी देवाकडे एक मरण मागत होते, आणि मागताना मला लाज वाटत नव्हती, घाई वाटत होती. ये, असं मी म्हणत होते. देखणा असशील तर असू दे. तुझी आई असेल तर असू दे. ये. माझ्या आयुष्यात मी इतक्या एकाग्रपणे प्रार्थना केलेली मला आठवत नाही. मूल नाही म्हणून कुढत होते त्या वर्षांतही नाही, आईच्या आजारातही नाही. मन एरवी भटकतं, भाजीचं, औषधाचं, शेजारणीचं काही ना काही येतं. त्या सकाळी काही आलं नाही. त्या पट्ट्यावर मन टेकून बसलं होतं, आणि हे कुणाला सांगायचं, की देवाच्या सगळ्यात जवळ मी तेव्हा होते.

साडेदहाच्या सुमाराला तो आला. हेमलॉकमधून आधी पाय दिसले, मग मान, मग शिंगं, आठ टोकांची. पट्ट्याच्या मधोमध थांबला आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. वाऱ्याची दिशा बदलली असती तरी तो निघून गेला असता. मीत्रो त्याच्याकडे बघत होता. रायफल मांडीवरून उचलली नव्हती. मला वाटलं, विसरला. मला वाटलं आता कोपरानं ढोसावं. मग त्यानं श्वास आत घेतला आणि हात आपले आपण वर आले, दस्ता गालाला लागला, आणि लिव्हर कधी हलली ते मला कळलंही नाही. बार झाला. नर उडाला, चार ढांगा टाकल्या आणि पलीकडच्या दुसऱ्या एका बीचच्या मुळाशी बसला, जणू दमला म्हणून, मग मान टाकली. मीत्रोनं तोवर लिव्हर ओढून पुढचं काडतूस आत घेतलं होतं. रिकामं कवच बर्फात पडून चुर्रर्र झालं. “गेला,” तो म्हणाला. आणि माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, “इतक्या वर्षांनी एकदाची बरोबर आलीस गं.” मी मान हलवली. माझ्या तोंडात पाणी सुटलं होतं, भुकेनं नव्हे, आणि मी ते गिळलं. आम्ही जवळ गेलो. त्याचे डोळे उघडे होते आणि त्यांत हेमलॉकची काळी टोकं होती. मीत्रोनं टोपी काढून क्रूसाची खूण केली. मी केली नाही. माझा हात वर जाईना. मग त्यानं रायफल खोडाला टेकवली, चाकू काढला आणि ज्या सफाईनं पोट उघडलं ती बघून मी स्वतःशी म्हटलं, याला काहीही झालेलं नाही. कलेजी बाजूला ठेवली, वाफ निघत होती. मी मनात पुन्हा मोजलं. पाचातून एक. देव उदार आहे, असं म्हटलं, आणि हे म्हणताना मला जे थंड वाटलं ते बर्फाचं नव्हतं.

दुपारी आंद्री आला आणि दोघांनी दोरीनं नर ओढत खाली आणला. युर्को ओसरीवर वाट बघत होता. “सोंडेवरून एकच बार ऐकला,” तो म्हणाला, “म्हणजे माझा नव्हे. काका, थोडं आम्हाला ठेवा हो.” “तू आधी खाली बसायला शिक,” मीत्रो म्हणाला, “तुझ्या धापा पलीकडच्या जिल्ह्यात ऐकू येतात.” सगळे हसले. मग हसणं थांबलं, कारण मोजायची वेळ झाली. युर्कोनं आधी रिकामी केली, रीतीप्रमाणे ताठ उभा राहून, येदेन, द्वा, त्रि, श्तिरि, प्यात, शेवटचा शब्द नेहमीसारखा गाऊन. मोजून रिकामी. आंद्रीनं केली. मग मीत्रो ओसरीच्या कडेला आला, नळी बर्फाकडे. मी दारात होते, हातात कलेजीची पिशवी. मला भीती नव्हती. उलट पोटात एक हलकेपणा होता, लबाडी करून पत्ते जिंकल्यावर येत असेल तसा. त्यानं लिव्हर ओढली. “येदेन.” पितळ फळ्यांवर वाजलं. “द्वा.” वाजलं. “त्रि.” वाजलं. लिव्हर वर घेतली. मीत्रोचं तोंड अर्धवट उघडं राहिलं, आणि मी बघितलं की तो शोधत नाहीये. शोधणाऱ्याचे डोळे फिरतात. याचे फिरले नाहीत. त्यानं तोंड मिटलं, अंगठ्यानं घोडा अलगद खाली घेतला, त्याच मऊपणानं, आणि म्हणाला, “मोजून रिकामी.”

त्या माणसानं आयुष्यात कधी पाचाखेरीज भरली नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि बार एकच झाला होता. युर्को आपल्या बुटांकडे बघत होता. आंद्री नराच्या शिंगांकडे बघत होता, जणू टोकं पुन्हा मोजायची होती. दोघांपैकी कोणीच दचकलं नव्हतं, त्यावरून मला कळलं की हे गेल्या वर्षीपासून असंच चाललं असणार. कोणीतरी मागाहून, मीत्रो हात धुवायला गेल्यावर, रायफल उचलून शेवटचं काडतूस काढत असणार, आणि खिशात टाकत असणार, माझ्यासारखं. आम्ही सगळेच चांगली माणसं. आणि त्याच्या डोक्यातलं ते जे काही होतं ते शेवटाकडून एकेक घास घेत पुढे सरकत होतं; मी पाचाला पहारा दिला, ते चार घेऊन गेलं. मी मागितलं होतं तेवढं मला मिळालं होतं, मोजून, एक जीव, आणि तो तिथे बर्फात पोट उघडून पडला होता, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मीत्रो रायफल घेऊन दाराकडे वळला, माझ्याकडे. आत शेगडी पेटलेली होती, आत आम्ही सगळे झोपणार होतो. मी वाट द्यावी म्हणून त्यानं भुवया उंचावल्या. मी वाट दिली नाही.

“श्तिरि,” मी म्हटलं.

ते हळू निघालं नाही. माझा आवाज असा आहे हे मला ठाऊक नव्हतं. हेमलॉकवरून तो परत आला. मीत्रो थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या रायफलीकडे, आणि ज्या रागाची मला आशा होती तो त्याच्या चेहऱ्यावर आला नाही. त्यानं नळी बर्फाकडे केली आणि लिव्हर ओढली. चौथं काडतूस फळीवर पडलं आणि युर्कोच्या बुटाशी जाऊन थांबलं. युर्कोनं ते उचललं नाही. “श्तिरि,” मीत्रो माझ्यापाठोपाठ म्हणाला, नवीन शब्द शिकताना म्हणावा तसा, ओठ जपून. मग घसा खाकरला. “हिच्या बापानं मला बजावलं होतं,” तो दोघांना म्हणाला, “की मुलगी जास्त शिकलेली आहे.” युर्को हसला, लागलीच, मोठ्यानं, आणि मधेच थांबला. आंद्री पुढे झाला, हात अर्धा पुढे केला. “काका, मी…” “तू नको,” मीत्रो म्हणाला. “मी घेतली होती आजोबांची. मला ठाऊक आहे घेणाऱ्याला काय होतं ते. तू नको.”

तो बूट न पुसता आत गेला. मी मागे गेले. शेगडीपुढे उभा राहून त्यानं टाचा उचलल्या आणि रायफल दोन्ही हातांनी रिकाम्या खुंटीकडे नेली. खुंटी उंच आहे. त्याच्या वडिलांनी ती मुद्दाम उंच ठोकली होती म्हणतात, उतरवायचा मोह होऊ नये म्हणून. त्याचा उजवा खांदा कारखान्यात दुखावलेला, हात खांद्याच्या वर जात नाही. रायफल खुंटीच्या दोन बोटं खाली अडली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मागे दारात ते दोघे उभे होते आणि मदत करावी की नाही हे त्यांना कळत नव्हतं. मी कलेजीची पिशवी टेबलावर ठेवली, हात जॅकेटला पुसले आणि खालून, बरोबर जिथे पोलाद पांढरं पडलं आहे तिथे, मूठ घातली. “सोड,” मी म्हटलं, “आहे माझ्याकडे.” तो म्हणाला, “जड आहे.” मी म्हटलं, मला ठाऊक आहे. पण त्यानं सोडली नाही, आणि मीही नाही. आम्ही दोघांनी मिळून ती वर नेली.